अस्थिकलम, दंतवैद्यकीय : शस्त्रक्रियोत्तर वेदना व परिचर्या

दात काढल्यामुळे, हिरड्यांच्या जुनाट विकारामुळे, अपघातामुळे किंवा अर्बुद काढून टाकल्यामुळे जबड्याच्या हाडाचा जो भाग झिजतो वा नष्ट होतो, तो भरून काढण्यासाठी तेथे हाड किंवा हाडासारखा पदार्थ बसविण्याच्या शस्त्रक्रियेला ‘दंतवैद्यकीय अस्थिकलम’ म्हणतात. ही शस्त्रक्रिया बहुधा केवळ स्थानिक बधिरीकरणाखाली, रुग्णालयात मुक्काम न करता होते. त्यामुळे रुग्ण दोन-तीन तासांत घरी परततो व नंतरची परिचर्या त्याच्या स्वतःच्या आणि कुटुंबियांच्या हाती राहते. कलम टिकते की वाया जाते, हे शल्यचिकित्सकाच्या कौशल्याप्रमाणेच या घरगुती परिचर्येवरही अवलंबून असते. प्रस्तुत नोंदीत शस्त्रक्रियेचे स्वरूप थोडक्यात देऊन तीनंतरच्या वेदनेची कारणे, तिचे शमन, जखम भरून येण्याचा क्रम आणि धोक्याची लक्षणे यांचे विवेचन केले आहे.

हाड का झिजते : जबड्याच्या हाडाच्या ज्या कडेत दातांची मुळे रुतलेली असतात तिला दंतधारक अस्थी म्हणतात. चर्वणाच्या वेळी दातावर पडणारा भार मुळाभोवतीच्या तंतूंमार्फत या हाडाला मिळतो व त्या उद्दीपनामुळे हाडाची झीज आणि भर यांचा समतोल टिकतो. दात काढल्यावर हे उद्दीपन थांबते व हाड शोषले जाऊ लागते. दात काढल्यापासून पहिल्या वर्षात त्या जागेच्या हाडाची रुंदी साधारणपणे निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते आणि त्यातील सुमारे दोन-तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. वरच्या जबड्यातील दाढांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. तेथील हाडावर नासाकोटर (गालाच्या हाडातील हवेची पोकळी) असते. दाढा गेल्यावर ही पोकळी खाली विस्तारत जाते व मधले हाड काही मिलिमीटर जाडीचेच उरते. अशा झिजलेल्या जबड्यावर कवळी नीट बसत नाही व टिटॅनियमच्या कृत्रिम दंतमूळाला (रोपणाला) पुरेसा आधार मिळत नाही. अन्न चावता न येणे ही गोष्ट वरवर किरकोळ भासली, तरी वृद्ध रुग्णांच्या बाबतीत तिचा परिणाम आहारावर व एकूण प्रकृतीवर होतो. तथापि प्रत्येक गेलेल्या दाताच्या जागी अस्थिकलम करावेच लागते असे नाही. हाड पुरेसे असेल, किंवा शेजारच्या दातांवर आधारलेला सेतू अथवा काढता-घालता येणारी कवळी रुग्णाला पुरेशी असेल, तर ही शस्त्रक्रिया टाळता येते.

ऐतिहासिक आढावा : हाडाच्या कलमाची पहिली नोंद डच शल्यचिकित्सक योब व्हान मेकेरेन यांच्या १६६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आढळते, तीत एका सैनिकाच्या कवटीतील खाच कुत्र्याच्या कवटीच्या हाडाने भरल्याचे वर्णन आहे. १८८० च्या सुमारास स्कॉटलंडमधील विल्यम मॅकीवन यांनी एका मुलाच्या दंडाच्या हाडाचा नष्ट झालेला भाग इतर रुग्णांच्या हाडांच्या तुकड्यांनी भरून काढला. १९६५ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ मार्शल युरिस्ट यांनी, खनिजे काढून टाकलेले हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवल्यास तेथेही नवे हाड तयार होते, असे दाखविले. त्यावरून हाडात अस्थिनिर्मितीस प्रवृत्त करणारे प्रथिन असल्याचे अनुमान निघाले. स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये टिटॅनियम हाडाशी घट्ट जोडले जाते असे आढळले व १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर दंतरोपण केले. रोपणासाठी हाड हवे, या गरजेतून दंतवैद्यकीय अस्थिकलमाचा प्रसार झाला. १९८० मध्ये अमेरिकेतील फिलिप बॉइन व रॉबर्ट जेम्स यांनी नासाकोटराच्या तळाशी कलम करण्याच्या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले.

वेदनाशमनाचा इतिहासही दंतवैद्यकाशी निगडित आहे. अमेरिकन दंतवैद्य होरेस वेल्स यांनी १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइडाचा व विल्यम मॉर्टन यांनी १८४६ मध्ये ईथराचा उपयोग केला. १८८४ मध्ये व्हिएन्नातील कार्ल कोलर यांनी कोकेनाचा स्थानिक बधिरीकारक गुण प्रत्ययास आणून दिला. सध्या सर्वत्र वापरात असलेले लिग्नोकेन हे औषध स्वीडनमध्ये निल्स लफग्रेन यांनी १९४३ मध्ये तयार केले. ॲस्पिरिनासारखी औषधे प्रोस्टाग्लँडिने या द्रव्यांची निर्मिती रोखून वेदना कमी करतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले व त्याबद्दल १९८२ च्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

कलमांचे प्रकार : कलमाचे पदार्थ चार प्रकारचे असतात. (१) स्वकलम : रुग्णाच्याच हनुवटीचे, खालच्या जबड्याच्या मागील भागाचे किंवा क्वचित कमरेचे (श्रोणि-अस्थीचे) हाड. यात जिवंत कोशिका (पेशी) असतात. मात्र दुसरी जखम करावी लागते. (२) समजातीय कलम : दुसऱ्या माणसाचे प्रक्रिया करून निर्जंतुक केलेले हाड. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ऊतक पेढीत अशी हाडे गॅमा किरणांनी निर्जंतुक केली जातात. (३) विजातीय कलम : प्राण्याच्या, बहुधा गायी-बैलांच्या, हाडातील सर्व सेंद्रिय अंश काढून उरलेला खनिज सांगाडा. (४) संश्लेषित पदार्थ : हायड्रॉक्सिॲपेटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, जैवक्रियाशील काच इत्यादी. दाणेदार कलम जागी राहावे व हिरडीच्या कोशिका त्यात शिरू नयेत म्हणून त्यावर पातळ पटल घालतात. हे पटल पुष्कळदा गाय-बैल वा डुकरापासून मिळविलेल्या कोलॅजेनाचे असते. कित्येक रुग्णांना धार्मिक अथवा वैयक्तिक कारणांस्तव असे पदार्थ ग्राह्य नसतात. पर्यायी पदार्थ उपलब्ध असल्यामुळे संमती घेण्यापूर्वीच पदार्थाचे मूळ रुग्णाला स्पष्टपणे सांगणे हे चिकित्सकाचे कर्तव्य ठरते. रुग्णानेही ते विचारण्यास संकोच करू नये.

कलम रुजण्याची क्रिया : बसविलेले हाड जसेच्या तसे कायम राहत नाही. पुष्कळ अंशी ते केवळ सांगाड्याचे काम करते व त्याच्या आधाराने रुग्णाचे स्वतःचे हाड वाढत जाते. शस्त्रक्रियेनंतर प्रथम कणांच्या मधल्या जागेत रक्ताची गुठळी (क्लथ) तयार होते. पहिल्या दोन-तीन दिवसांत तेथे श्वेत कोशिका जमून मृत ऊतकाचा (समान कार्य करणाऱ्या कोशिकासमूहाचा) निचरा करतात. पहिल्या आठवड्याच्या अखेरीपासून सूक्ष्म रक्तवाहिन्या गुठळीत शिरू लागतात व चार ते सहा आठवड्यांत कच्चे, विणीसारखे हाड तयार होते. पुढील काही महिन्यांत अस्थिभंजक कोशिका हे हाड खात जातात व अस्थिजनक कोशिका त्या जागी पक्के, थरांचे हाड घालतात. या क्रमातील सर्वांत नाजूक अवस्था पहिल्या दोन आठवड्यांची होय; कारण या काळात कणांची थोडी हालचाल झाली किंवा टाके उसवून पटल उघडे पडले, तर कोवळ्या रक्तवाहिन्या तुटतात व हाडाऐवजी तंतुमय ऊतक तयार होते. रुग्णाला घालून दिलेली जवळजवळ सर्व पथ्ये याच एका गोष्टीसाठी असतात : गुठळी स्थिर राहावी.

वेदनेची कारणे : हिरडी कापली जाणे, पर्यास्थिकला (हाडावरील आवरण) उचलली जाणे व हाडाला छिद्रे पाडली जाणे यांमुळे कोशिकांना इजा होते. इजा झालेल्या कोशिकांच्या पटलांतील मेदद्रव्यांपासून सायक्लो-ऑक्सिजनेज या एंझाइमाच्या मदतीने प्रोस्टाग्लँडिने तयार होतात. ब्रॅडिकिनिनासारखी इतर द्रव्येही मुक्त होतात. ही सर्व द्रव्ये तंत्रिकांची (मज्जातंतूंची) टोके इतकी संवेदनक्षम करतात, की एरवी न जाणवणारा स्पर्शही दुखू लागतो. ही संवेदना चेहऱ्याच्या त्रिशाखी तंत्रिकेमार्फत मेंदूत पोहोचते. या तंत्रिकेच्या शाखा परस्परांशी संलग्न असल्यामुळे जबड्यातील वेदना कान, कानशील किंवा डोळ्यामागेही जाणवू शकते. अस्थिकणांना स्वतःला वेदना नसते. वेदना प्रामुख्याने हिरडी, पर्यास्थिकला आणि सूज यांची असते. म्हणूनच दात काढलेल्या खोबणीत कण भरले असता वेदना थोडी, तर हिरडी दूरवर उचलून हाडाचा ठोकळा स्क्रूने बसविला असता ती अधिक असते.

वेदनेचा स्वाभाविक क्रम : लिग्नोकेन व ॲड्रेनॅलीन यांच्या मिश्रणाने आलेली ओठ-गालाची बधिरता साधारण तीन ते पाच तास टिकते. ती उतरल्यावर पहिल्या सहा ते बारा तासांत वेदना सर्वाधिक असते, दोन-तीन दिवस मध्यम राहते व नंतर उतरत जाते. सुजेचा क्रम निराळा आहे. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कमाल असते. त्यामुळे तिसऱ्या दिवशी सकाळी गाल अधिक फुगलेला दिसला, पण वेदना कमी झाली असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. गालावर वा गळ्यावर पिवळट-निळसर डाग उमटणे, तोंड पूर्ण न उघडणे, लाळेत रक्ताची छटा दिसणे व काही दाणे तोंडात येणे या गोष्टीही पहिल्या आठवड्यात स्वाभाविक आहेत. याउलट, उतरू लागलेली वेदना चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा चढू लागली, तर ती सूचक समजावी. वेदना किती आहे यापेक्षा ती कोणत्या दिशेने चालली आहे, हे अधिक महत्त्वाचे असते.

पूर्वतयारी : परिचर्येचा प्रारंभ शस्त्रक्रियेआधीच होतो. अनियंत्रित मधुमेहात श्वेत कोशिकांचे कार्य मंदावते व जखम लवकर भरत नाही. म्हणून रक्तशर्करा आधी आटोक्यात आणतात. तंबाखूतील निकोटिनाने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व कलमाला होणारा रक्तपुरवठा घटतो. धूम्रपानाइतकीच मिशरी, गुटखा व तंबाखू-चुना यांची सवयही घातक आहे, कारण त्यांत तंबाखू प्रत्यक्ष हिरडीलाच लागते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली; मिशरीची गणना मात्र, विशेषतः ग्रामीण भागातील स्त्रिया, दंतमंजनात करतात व विचारल्यावर ‘तंबाखू खात नाही’ असेच उत्तर देतात. म्हणून दंतवैद्याने मिशरीबद्दल स्वतंत्रपणे विचारावे. तंबाखू एक-दोन आठवडे आधीपासून व नंतर किमान दोन महिने पूर्ण बंद ठेवावी लागते.

हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्याने ती स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत. हिरडीतून होणारा रक्तस्राव दाबून थांबविता येतो. हृदयाच्या वा मेंदूच्या वाहिनीतील गुठळीवर तसा सोपा उपाय नाही. अस्थिविरलतेसाठी किंवा कर्करोग हाडांत पसरल्यास दिली जाणारी बिस्फॉस्फोनेट वर्गातील औषधे घेणाऱ्यांत जबड्याचे हाड मृत होण्याचा धोका २००३ पासून ज्ञात आहे. वर्षातून एकदा शिरेवाटे घेतलेले इंजेक्शन रुग्ण पुष्कळदा विसरतो. ते आवर्जून सांगितले पाहिजे.

वेदनाशमन : वेदना असह्य झाल्यावर गोळी घेण्याऐवजी बधिरता उतरण्यापूर्वीच पहिली मात्रा घेणे श्रेयस्कर असते, कारण तंत्रिका एकदा संवेदनक्षम झाल्यावर त्यांना शांत करण्यास अधिक औषध लागते. त्यानंतर पहिले दोन-तीन दिवस घड्याळाप्रमाणे ठराविक अंतराने व पुढे गरजेपुरते औषध घ्यावे. प्रौढ व अन्यथा निरोगी व्यक्तीस आयबुप्रोफेन ४०० मिग्रॅ. व पॅरासिटामॉल ५०० ते १,००० मिग्रॅ. ही जोडी दर सहा तासांनी देण्याचा प्रघात आहे. पहिले औषध जखमेच्या जागी प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखते, तर दुसऱ्याचे कार्य मुख्यतः मेंदू व मेरुरज्जू यांत होते. कार्यस्थाने भिन्न असल्यामुळे दोहोंचा एकत्रित परिणाम कोणत्याही एकापेक्षा जास्त होतो. अमेरिकेत २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दंतवेदनाविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही याच वर्गांतील औषधांना प्रथम पसंती दिली असून अफूजन्य औषधे शक्यतो टाळावीत असे म्हटले आहे. या औषधांची सवय जडते व मळमळ, बद्धकोष्ठ आणि गुंगी हे त्रास होतात. भारतात ट्रॅमाडॉल हे औषध २०१८ पासून मादक पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आले आहे. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ते दिलेच, तर अगदी थोड्या दिवसांपुरते व वैद्याच्या देखरेखीखाली घ्यावे.

वेदनाशामक औषधांबाबत पुढील दक्षता आवश्यक आहे. जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार, ॲस्पिरिनाने बळावणारा दमा, हृदयाची कमकुवतता किंवा गर्भारपणाचा उत्तरार्ध या अवस्थांत आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक इ. औषधे धोकादायक ठरू शकतात. ती उपाशीपोटी घेऊ नयेत. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात कडक उपवास करू नये. प्रौढाच्या बाबतीत पॅरासिटामॉलाची एका दिवसातील मात्रा ४ ग्रॅमपेक्षा अधिक होता कामा नये. मद्यपी, यकृतविकारी व कृश व्यक्तींच्या बाबतीत ही मर्यादा आणखी खाली असते. बाजारात मिळणाऱ्या अनेक संमिश्र वेदनाशामक गोळ्यांत आणि सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतेच. वेगवेगळ्या नावांच्या दोन गोळ्या घेताना रुग्ण नकळत दुप्पट मात्रा घेतो. हे टाळण्यासाठी वेष्टनावरील घटकद्रव्ये वाचावीत. पावसाळ्यात शस्त्रक्रियेनंतर तीव्र ताप व अंगदुखी सुरू झाल्यास डेंग्यूचीही शंका घ्यावी. त्या ज्वरात आयबुप्रोफेन वर्गातील औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

काही घरगुती उपाय येथे अपायकारक ठरतात. लवंगेचे तेल किडलेल्या दातात आराम देते, पण उघड्या जखमेवर ते ऊतक भाजते. ॲस्पिरिनाची गोळी हिरडीशी धरून ठेवल्यानेही तसाच व्रण होतो. हळद, तुरटी किंवा मिशरी जखमेवर दाबल्याने टाके हलतात व जंतूंना वाव मिळतो. पहिल्या दिवशी गाल शेकल्यास रक्तवाहिन्या विस्फारून सूज व रक्तस्राव वाढतात.

प्रतिजैव औषधे : प्रतिजैव (अँटिबायॉटिक) औषध हे वेदनाशामक नव्हे. ते जंतुसंसर्ग टाळण्यासाठी किंवा बरा करण्यासाठी दिले जाते. पुष्कळदा शस्त्रक्रियेपूर्वीची एकच मोठी मात्रा किंवा त्यानंतरचा अल्पकाळचा क्रम पुरेसा होतो. दुखते म्हणून जुन्या चिठ्ठीवर पुन्हा औषध आणणे किंवा उरलेल्या गोळ्या घेणे यांमुळे औषधाला न जुमानणारे जंतू निर्माण होतात. पेनिसिलिनाची अधिहर्षता (ॲलर्जी) असल्यास ती आधी सांगावी.

सूज, रक्तस्राव व मुखस्वच्छता : पहिल्या दिवशी बर्फाचे खडे कापडात गुंडाळून गालावर बाहेरून वीस मिनिटे धरावेत व तितकाच वेळ काढून ठेवावेत. झोपताना डोके दोन उशांवर उंच ठेवावे. रक्त येत राहिल्यास स्वच्छ ओली घडी जखमेवर ठेवून अर्धा तास सतत दाब द्यावा. घडी वारंवार उचलून पाहू नये. पहिल्या चोवीस तासांत जोराने चूळ भरणे, थुंकणे, नळीने पेय ओढणे व जखमेला जीभ लावणे वर्ज्य होय, कारण या क्रियांतील ओढीने गुठळी निसटते. दुसऱ्या दिवसापासून कोमट पाण्यात मीठ घालून (पेलाभर पाण्यात अर्धा चमचा) जेवणानंतर हळुवार चूळ भरावी. पाणी तोंडात फिरवून आपोआप गळू द्यावे. क्लोरहेक्सिडिनाचे द्रावण सांगितले असल्यास दोन आठवड्यांपेक्षा अधिक काळ स्वतःहून वापरू नये. त्याने दात तपकिरी दिसतात व चव बदलते. जखमेवर ब्रश फिरवू नये, परंतु इतर दात नेहमीप्रमाणे घासावेत. भीतीपोटी तोंड न धुणे ही संसर्गाला दिलेली संधी असते. टाके बहुधा सात ते चौदा दिवसांनी काढतात.

आहार : बधिरता पूर्ण उतरेपर्यंत काही खाऊ नये, कारण ओठ वा जीभ नकळत चावली जाते. पहिले दोन दिवस ताक, कोमट पेज, गार केलेले गाळीव वरण, नाचणीची आंबील यांसारखा पातळ आहार घ्यावा. त्यानंतर आठवडाभर मऊ भात, मुगाची खिचडी, दुधात कुस्करलेली पोळी, केळे, अंडे हे पदार्थ दुसऱ्या बाजूने खावेत. नव्या ऊतकासाठी प्रथिने आवश्यक असल्यामुळे केवळ चहा-बिस्किटांवर राहू नये. कडक भाकरी, चिवडा, शेंगदाणे, चकली हे पदार्थ कलमावर दाब देतात; तर तीळ, फोडणीतील मोहरी व डाळिंबाच्या बिया टाक्यांत अडकतात. फार तिखट व फार गरम अन्न तसेच मद्य टाळावे. जागेवर जुनी कवळी घालण्याची घाई करू नये. कवळीचा दाब हे कलम अयशस्वी होण्याचे एक नित्याचे कारण आहे. दंतवैद्याने ती आतून कोरून मोकळी केल्यावरच वापरावी.

नासाकोटर-कलमानंतरची विशेष पथ्ये : या शस्त्रक्रियेत नासाकोटराचे पातळ अस्तर वर उचलून त्याखाली कलम भरतात. नाकातील दाब एकाएकी वाढल्यास अस्तर फाटून कण नासाकोटरात जाऊ शकतात. म्हणून दोन ते तीन आठवडे नाक शिंकरू नये व शिंक आल्यास तोंड उघडे ठेवून शिंकावे. याच कारणास्तव जलनेती, कपालभाती, भस्त्रिका, शंख फुंकणे तसेच बासरी व सनई वाजविणे हे सर्व बंद ठेवावे. विमानप्रवास व पाण्यात सूर मारणे यांविषयी आधी विचारून घ्यावे. नाकातून एखाद-दुसरा दिवस रक्ताचे थेंब येणे स्वाभाविक आहे. मात्र पाणी पिताना ते नाकातून येऊ लागल्यास तोंड व नासाकोटर यांत मार्ग निर्माण झाला असे समजून त्वरित दाखवावे.

दात्या जागेची वेदना : स्वकलमात जेथून हाड घेतले ती जागा कित्येकदा मूळ जागेपेक्षा अधिक दुखते. हनुवटीचे हाड घेतल्यास खालचे पुढचे दात काही महिने बधिर वा परके वाटू शकतात. कमरेचे हाड घेतल्यास काही दिवस ते काही आठवडे चालताना व जिना चढताना दुखते. रुग्णाला याची पूर्वकल्पना दिलेली नसल्यास तो अकारण भयभीत होतो.

धोक्याची लक्षणे : पुढीलपैकी कोणतेही लक्षण आढळल्यास नियोजित भेटीची वाट पाहू नये. (१) तिसऱ्या दिवसानंतर वाढत जाणारी, औषधाला न जुमानणारी वेदना. (२) ३८° से.पेक्षा अधिक ताप किंवा जखमेतून पू, दुर्गंधी; (३) अर्धा तास दाब देऊनही न थांबणारा रक्तस्राव; (४) दुसऱ्या दिवशीही टिकून राहिलेली ओठ-हनुवटीची बधिरता किंवा विजेच्या झटक्यासारखी कळ; (५) टाके उसवून पटल वा हाड उघडे दिसणे; (६) अंगावर पित्त उठणे किंवा धाप लागणे. गिळण्यास वा श्वास घेण्यास अडथळा येणे आणि जबड्याखालची सूज गळ्याकडे पसरणे ही लक्षणे प्राणघातक संसर्गाची असू शकतात. अशा वेळी दवाखाना उघडण्याची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात जावे. बधिरतेची तक्रारही लवकर करणे महत्त्वाचे असते, कारण तंत्रिकेवरील दाब वेळीच काढला तर संवेदना परतण्याची शक्यता अधिक असते. पटल थोडेसे उघडे पडले तरी कलम वाया गेलेच असे नाही. तत्परतेने स्वच्छता राखल्यास बहुतेक भाग वाचविता येतो.

पुढील वाटचाल : बैठे काम करणारा बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांनी कामावर जाऊ शकतो, जड ओझे उचलणे व कष्टाचा व्यायाम आठवडाभर टाळावा, कारण रक्तदाब वाढून जखमेतून पुन्हा रक्त येऊ शकते. हिरडी दोन-तीन आठवड्यांत भरून येते व दुखणे थांबते. येथेच रुग्णाची फसगत होते. वरून जखम बरी दिसत असली, तरी आतील हाड अद्याप कच्चे असते. दाताच्या खोबणीतील कलमास सुमारे तीन ते चार महिने, हाडाच्या ठोकळ्यास चार ते सहा महिने व नासाकोटरातील कलमास सहा ते नऊ महिने दिल्यावरच क्ष-किरण तपासणी करून रोपणाचा निर्णय घेतात. या मधल्या काळात वेदना नसल्यामुळे तंबाखू पुन्हा सुरू होते, तपासणीच्या भेटी चुकविल्या जातात व कठीण पदार्थ त्या बाजूने खाल्ले जातात. पहिल्या आठवड्यात वेदनाच रुग्णाला पथ्य पाळावयास लावते; नंतरच्या महिन्यांत ते काम त्याने स्वतः समजून-उमजून करावयाचे असते.

क्वचित प्रसंगी जखम पूर्ण भरूनही वेदना तीन महिन्यांहून अधिक टिकते. अशी वेदना पुष्कळदा तंत्रिकेच्या इजेतून उद्‌भवलेली असते. ती भाजल्यासारखी वा टोचल्यासारखी असून नेहमीच्या वेदनाशामकांनी थांबत नाही. ती काल्पनिक नसते व तिच्यावर निराळ्या वर्गातील औषधांनी उपचार करता येतात. त्यासाठी पुनःपुन्हा दात काढणे वा कलम उकरणे निरर्थक होय. अशा रुग्णाची तक्रार ऐकून घेणे आणि तिची योग्य तज्ञाकडून तपासणी करविणे हाच उपचाराचा पहिला टप्पा ठरतो.